गफूर, बंदूक आणली

सन दोन हजार पंचवीस. माझं वय बहात्तर आणि तुझं एकाहत्तर. शाळेच्या दाखल्यावर तू माझ्यापेक्षा मोठा आहेस हे मला ठाऊक आहे, पण तो दाखला मास्तरांनी तुझी उंची बघून लिहिला होता. मोठा मीच. आता तू उलटून बोलू शकत नाहीस, म्हणून एवढं एक पहिल्याच दमात मिटवून टाकतो.

तुझी नसीम म्हणली, "किसनचाचा, अब्बांवर चार ओळी लिहा. मैदानाच्या शेडमधी लावायच्यात, येणारी पोरं वाचतील." चार ओळी! तू काय चार ओळीत मावणारा माणूस? बोलायला लागलास तर चार ओळी तुला खाकरायला लागायच्या. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस, अक्षर वाकडं आहे. ती म्हणली, मी शुद्ध करून घेते. मी म्हणलो, हात लावायचा न्हाय. लावायचं तर असंच लाव, न्हायतर राहू दे.

तू कधी गेलास, कशानं गेलास, मातीला किती माणूस होतं, ते लिहीत नाही. परंड्यात ते पोरासोरांना ठाऊक आहे. मला बंदुकीचं लिहायचंय. भर भांडणात तू उठून गेलास, त्या भांडणाचं लिहायचंय.

बाहेरचा कुणी वाचणार असला तर त्याच्यासाठी सांगतो, बंदूक म्हणजे खेळातली. बॅटरीवर चालते, तुरीच्या दाण्याएवढी प्लास्टिकची गोळी मारते. नळीच्या टोकाला केशरी रंग, खेळणाऱ्याच्या डोळ्यावर चष्मा, तोंडाला जाळी, आणि खेळाच्या आधी पोलीस ठाण्यात कळवायचं, असा सगळा कायद्यातला कारभार. ह्या खेळाला एअरसॉफ्ट म्हणतात. तू शेवटपर्यंत येरसाप म्हणलास. नसीम पुण्याची नोकरी सोडून आली आणि तुमच्या वाटणीला आलेल्या बंद वीटभट्टीवर तिनं हे मैदान काढलं, तेव्हा गाव हसलं. आपण दोघंही हसायलाच गेलो होतो. भट्टीच्या पडक्या भिंती, ट्रकचे टायर, डांबराची पिंपं, मधी पाण्याची जुनी टाकी, आणि त्यातनं शिकलीसवरलेली पोरं रांगतायत. मी म्हणलो, "गफूर, ही कापूस वेचायला लावली असती तर दोन गाड्या भरल्या असत्या."

पण मग तुला त्यातली एक गोष्ट कळली. ह्या गोळीनं रंग लागत नाही, डाग पडत नाही, खूण राहत नाही. ज्याला लागली त्यानंच हात वर करायचा, "लागली" म्हणून ओरडायचं आणि बाहेर जायचं. दुसऱ्या कुणाला काही दिसत नाही. तुझे डोळे चमकले. "किसन्या, हा खेळ आपला हाय रे. भिंतीआड काय झालं ते फकस्त आपल्याला अन् वरच्याला ठाव." बांगड्यांच्या दुकानाला कुलूप लावून त्याच रविवारी तू खेळात उतरलास. पहिल्याच डावात मला टिपलंस आणि टायरावर उभा राहून ओरडायला लागलास, "लागली का न्हाय? बोल! लागली का न्हाय?" तेवढ्यात तुलाच मागनं लागली. आपण दोघं हात वर करून एकमेकांना शिव्या देत बाहेर आलो. असा मान कधी कुणाला मिळाला नसेल, सगळं मैदान खेळ थांबवून हसत होतं.

मग सोलापूरकडची टीम आली. पोरं चांगली, बोलायला गोड, पण त्यांच्याकडं सपोर्टची मशीनगन होती. दोन वेळा हरलो. आपल्याच मैदानावर, आपल्याच भट्टीत हरलो. टाकीवर घंटा टांगलेली असते, तिची राखण एका टीमनं करायची आणि दुसरीनं जाऊन ती वाजवायची, एवढाच डाव. पण त्यांच्या त्या बंदुकीनं आपल्याला डोकं वर काढू दिलं नाही. हरल्यावर त्यांचा कप्तान आपल्या दोघांना म्हणला, "आजोबा, पुढच्या वेळी तुम्ही सावलीत बसून बघा. मजा येते बघायलाही." वाईट बोलला नाही. पण तू चष्मा आणि जाळी तशीच तोंडावर ठेवून घरापर्यंत चालत आलास, म्हणजे किती लागलं होतं ते मला कळलं.

दुसऱ्या दिवशी नसीमनं सांगितलं, आपल्यालाही एक सपोर्टची पाहिजे. बाकीच्या बंदुका नेम धरून मारायच्या. ही मारायला नसतीच म्हणली. ही एकदा वाजायला लागली की थांबायची नाही, समोरचा दबून बसला पाहिजे, तेवढ्या वेळात आपली माणसं पुढं सरकायची. आणि ही चालवणाऱ्याला फार पळापळ नसती. एवढं ती बोलली आणि आपण दोघं एकदमच म्हणलो, "मग ही आमची."

तिथनं भांडण सुरू झालं.

नसीमनं मोबाइलवर दोन दाखवल्या. एक लांबलचक, जड, लोखंडी अंगाची, पुढं टेकवायला दोन पाय आणि खाली गोळ्यांचा मोठा डबा. डब्यात बारकी मोटर, ती गोळ्या आपोआप वर ढकलती, लवकर सरतच नाही. दुसरी आखूड आणि हलकी, साध्या रायफलीसारखी, खाली नुसती एक गोल डबी. तू लांबडीवर बोट ठेवलंस, मी आखूडवर. तू ठेवलंस म्हणून मी दुसरीवर ठेवलं असं तू सगळ्या पेठेत सांगत फिरलास. खोटं आहे. माझं बोट आधी पडलं होतं.

तुझं म्हणणं तू कुठनं आणलंस तर माझ्याच रानातनं. लहानपणी ज्वारी हुरड्यात आली की तू आमच्याकडं राखणीला यायचास, मचाणावर. गोफण तुझ्या हातात मी दिली. तू एकेका भोरडी पाखरावर नेम धरायचास, एक पडायची नाही, आणि मागच्या अंगानं सगळा थवा कणसावर बसून मोकळा. तेव्हा मी तुला म्हणलो होतो, "अरे मारायची न्हाईत, बसू द्यायची न्हाईत. गोफण वाजती ठेव." तू ते इतकी वर्षं जपून ठेवलंस आणि नेम धरून माझ्यावरच फेकलंस.

"किसन्या, मचाणावर खड्यांचा ढीग कशाला लावायचास तू?"

"लागतेत म्हणून."

"अन् खडे सरले की?"

"पाखरं बसतेत."

"हौ. मग त्या तुझ्या डबीत काय मूठभर खडे घेऊन बसतो व्हय राखणीला? डबा मोठा पायजे, डबा!"

मला पटलं का? पटलं. मी दाखवलं का? कशाला दाखवू. दुसऱ्या दिवशी तुझ्या दुकानात येऊन बसलो. समोर एक बाई हात पुढं करून बसली होती, तू तिचा अंगठा तळव्यात दाबून बांगडी चढवत होतास. मी म्हणलो, "हिचं मनगट तर किती बारीक हाय. बारकी बांगडी दे की."

"येड्या, मनगटात काय अडती बांगडी? अंगठ्याच्या बुडाशी अडती. तिथनं गेली पायजे. माप मनगटाचं घ्यायचं नसतं, मुठीचं घ्यायचं असतं."

"मग बंदूक कुठं अडती?"

तू वर बघितलंस.

"भट्टीच्या तोंडात अडती," मी म्हणलो. "टाकीवर मारा करायचा तर भट्टीच्या आतनं पलीकडं रांगत जायला पायजे. तुझी लांबडी तिथं आडवीबी जाणार न्हाय अन् उभीबी जाणार न्हाय. टेकवल्यावर कशी दिसती ते काय बघतोस, जिथनं जायची तिथलं माप घे. आखूड पायजे."

ती बाई म्हणली, "मामू, माझ्या हाताला मुंग्या आल्या. भरा न्हायतर सोडा, मग लढाई करा."

आणि तू काय म्हणावंस? "गिऱ्हाइकाच्या म्होरं माझ्या धंद्यातलं बोलायचं न्हाय तू." हरलेला माणूस असंच बोलतो.

पेरणीपासून ते ज्वारीला कोळप्याची पाळी घालेपर्यंत हेच चाललं. तू मशिदीतनं बाहेर आलास की डबा, मी रानातनं आलो की नळी. मधूनमधून दुसरंही भांडण, की उचलायची कुणी. तू म्हणायचास, किसन्या, तुझ्या गुडघ्यात वाळू झालीय. मी म्हणायचो तुझं आयुष्य बसून गेलं, तुझ्या हातानं काच सोडून काय उचललं न्हाय. आमची कौसल्या घरातनं ओरडायची, "अवो, दाढी करताना हात कापतोय तुमचा, अन् बंदूक कसली उचलताय! गफूरभाऊ, तुमी तरी शाने व्हा." तू तिला म्हणायचास, "भाभी, शाना असतो तर ह्याच्याशी दोस्ती केली असती का?"

मधी एकदोनदा तू छातीवर हात ठेवून बसलास. मी विचारलं तर पित्त हाय म्हणलास. मी पण सोडा आणून दिला आणि परत नळीवर आलो.

मग तू गेलास. दुपारपर्यंत मी तुझ्या दारात उभा होतो, लोक येत होते जात होते, आणि माझ्या डोक्यात एक नवा मुद्दा आला होता. लांबडीच्या वजनाचा. चांगला मुद्दा होता, गफूर, तुला बोलताच आलं नसतं. तो मुद्दा घेऊन मी तुला खांदा दिला.

दिवाळीला कौसल्येनं बांगड्या भरल्या नाहीत. पेठेत तीन दुकानं आहेत. म्हणली, "तेनला हात दाबायचा कसा ते ठाव न्हाय." तिच्या लग्नाचा चुडा तुझ्या वडलांनी भरला होता आणि तिथनं पुढं तूच. तिच्याएवढं बोलायला मला येत नाही.

चाळिसाव्याची फातेहा झाल्यावर नसीम माझ्याकडं आली. सोलापूरवाले थंडीत परत येणार होते. "चाचा, बंदूक घ्यायचीय. अब्बांचं अन् तुमचं शेवटपर्यंत ठरलंच न्हाय. आता तुमी ठरवा. अन् चालवायचीबी तुमीच."

आता बघ माझी पंचाईत. तुझी लांबडी घेतली तर मी हरलो. माझी आखूड घेतली तर मेलेल्या माणसाचा शब्द मोडून घेतली असं होतं, आणि त्यातही मजा नाही, कारण समोर कुणी चिडणारा नाही. आणि नुसती मजेची गोष्ट नव्हती. परत हरलो असतो तर गाव म्हणलं असतं की पोरीनं बापाची भट्टी खेळण्यात घालवली. पोरं दुसरीकडं गेली असती, मैदान बंद पडलं असतं. हे सगळं माझ्या एका निवडीवर येऊन बसलं होतं.

मी एक तुराटी घेऊन भट्टीवर गेलो. भट्टीच्या आत जिथं वळून बाहेर निघायचं असतं, तिथल्या रुंदीला तुराटी धरली आणि बरोबर तोडली. ती पिशवीत घालून नसीमबरोबर पुण्याला गेलो. एसटीत ती म्हणली, "चाचा, टेप न्यायचा ना." मी म्हणलो, "टेपवरचे आकडे तुला वाचता येतेत, भट्टीला वाचता येत न्हाईत."

दुकानदार तरणा पोरगा होता, अदबीनं बोलणारा. मी सांगितल्याबरोबर त्यानं दोन्ही काढून टेबलावर ठेवल्या. तुझी लांबडी मी हातात घेतली. गफूर, खोटं बोलत नाही, देखणी होती. पण डबा भरून पट्टा गळ्यात घातला तसं खांद्यानं सांगितलं, एक डाव निभंल, दुसरा न्हाय. आणि तुराटी लावली तर नळी कितीतरी पुढं निघाली. मी नसीमकडं बघितलं. "बघ. बापाला सांग तुझ्या." तोंडातनं निघून गेलं. ती हसली, मग तिचं हसू मोडलं, मग परत हसली.

मग माझी आखूड घेतली. तुराटीत बसली. दुकानाच्या मागं बोळ होता, तिथं चष्मा लावून मारून बघायची सोय होती. मी छातीला लावली आणि दाबली. तडतडतडतड. काय वाजली! मी म्हणलो, वा! तेवढ्यात नुसती टकटक आली आणि गोळ्या बंद. डबी सरली.

ती गप झाली ना, तेव्हा तो बोळ एकदम रिकामा झाला. समोर पत्र्याचे डबे नुसते उभे. आणि मी कान देऊन उभा राहिलो की आता तू बोलशील. "सरले का खडे?" असं म्हणशील. म्हणायला पाहिजे होतंस. आयुष्यात एवढा चांगला मोका तू कधी सोडला नसतास.

दुकानदारानं विचारलं, "बाबा, काय ठरलं? मोठा डबा पाहिजे का आखूड नळी?"

मला राग आला. कुणाचा आला ते माहीत नाही. त्याच्यावर काढला. "मला दोन्ही पायजेत!" मी ओरडलो. "हाय का तुझ्याकडं? न्हाय ना? मग गप बस जरा, इचार करू दे."

तो पोरगा म्हणला, "आहे की."

"काय हाय?"

"दोन्ही. आखूड नळीची, मोठ्या डब्याची. मागचा दस्ता आत सरकवून अजून लहान होते. तुम्ही आल्या आल्या त्या दोनच मागितल्या म्हणून मी काढली नाही."

त्यानं आतनं तिसरी आणली. तुझाच डबा, मोटरीसकट. पुढं तेच दोन पाय. आणि नळी आखूड. मी तुराटी लावली. बसली. नसीम खाली बाकावर बसली आणि पदराचं टोक तोंडावर धरून हसायला लागली. "चाचा, तुमी डब्याचं भांडत होता का? न्हाय. अब्बा नळीचं भांडत होते का? न्हाय. तुमी दोघं भांडत कशावर होता?"

मी काय सांगू तिला? तू डबा डबा करत होतास, मी कधी डब्याला नको म्हणलो नव्हतो. मी नळी नळी करत होतो, तू नळी लांबच पाहिजे असं एकदाही म्हणला नव्हतास. तू माझ्या ज्वारीवरनं बोलत होतास आणि मी तुझ्या बांगडीवरनं. आपला स्वतःचा धंदा सोडून एकमेकाच्या धंद्यात शिरून भांडलो, त्यात दोघांचंही खरं होतं, आणि दोघांनीही ऐकलं नाही. पण ऐक, दुकानात उभं राहून "दोन्ही पायजेत" असं म्हणलं कोण? मी. तेव्हा निवड माझी. हे लिहून ठेवतो.

ती बंदूक कुणी घ्यायला जाणार असेल तर आता माझं ऐका. डबा भरून, पट्टा गळ्यात घालून, गुडघ्यावर बसून, परत उठून बघा. बॅटरी कुठं बसती, हातमोजा घालून बदलता येती का ते बघा. डबा बिघडला तर दुसरा मिळतो का, बंदुकीतल्या चाकांचे दाते धातूचे हायत का, दुरुस्ती कोण करतं, हे आधी विचारा. आणि दिसायला कशी हाय ते सगळ्यात शेवटी. गफूरनं ते सगळ्यात आधी बघितलं होतं.

थंडी पडली आणि सोलापूरवाले आले. कप्तान तुझ्याबद्दल ऐकून माझ्या पाया पडला. मग माझ्या गळ्यातली बंदूक बघून म्हणला, "आजोबा, तुम्ही? लागेल हो तुम्हाला."

"लागली तर मी सांगीन," मी म्हणलो. "तुला लागली तर तू सांग."

टाकी त्यांनी राखायची, घंटा आपण वाजवायची. त्यांची मशीनगन, तीबी लांबडी, टाकीच्या कडंला मांडून बसली होती. शिट्टी झाली आणि आपली पोरं टायरांमागं दबली, दर वेळेसारखी. मी भट्टीच्या तोंडात शिरलो. गुडघ्यात वाळू होती, तुझं खरं होतं. दस्ता आत सरकवला, बंदूक छातीशी घेतली आणि त्या वळणावर आलो. गेली. अंगठ्याच्या बुडावरनं बांगडी उतरावी तशी गेली. पलीकडच्या भोकाशी पालथा पडलो, दोन पाय रोवले. समोर टाकी, बाजूनं. त्यांना कुणी तिथनं येईल असं वाटलंच नव्हतं.

मग वाजवायला सुरुवात केली.

मी कुणावर नेम धरला नाही. टाकीच्या कठड्यावर डाव्या टोकाकडनं उजवीकडं, उजवीकडनं डावीकडं, जरा थांबून परत मधीच. डोकं दिसलं की त्याच्या वरनं. त्यांची लांबडी माझ्याकडं वळायला गेली आणि पिंपाला अडकली, मी बघितलं. सगळे खाली. नसीम पोरं घेऊन सरकली, एका टायरामागनं दुसऱ्या टायरामागं. माझ्या खाली डबा कुरकुरत होता आणि सरत नव्हता. माझी ती डबी असती तर केव्हाच टकटक झाली असती. सरत नव्हता, गफूर! मी ओरडलो असेन, कारण नंतर पोरं मला म्हणली, तात्या, तुमी आतनं पाखरं हाकलल्यागत "हाऽऽहोऽऽ" करत होता.

नसीम शेवटच्या टायरापर्यंत पोचली. तिथनं टाकीपर्यंत उघडं रान. ती उठली आणि पळाली. आणि त्याच वक्ताला माझ्या कोपराला टोचलं.

एक गोळी. कुणी नेम धरून मारली का भिंतीवरनं आली, कोण जाणे. मी भट्टीच्या आत पालथा, कोपर अंधारात. कुणाला दिसलं नाही, दिसणार नव्हतं. मी वाजवत राहिलो असतो तर नसीम पोचत होती. मी थांबलो तर ती उघड्यावर होती आणि तिच्यावर सगळी डोकी वर निघणार होती. मैदान राहणार का जाणार, त्याचा निकाल तेवढ्या उघड्या रानात होता.

मी विचार केला असं लिहिणार नाही. विचाराला वेळच नव्हता. मी घोड्यावरचं बोट काढलं, हात भोकातनं बाहेर काढला आणि छाती फुटेस्तोवर ओरडलो, "लागलीऽऽ!"

गप. सगळं मैदान गप. नसीम पळतीय, आणि माझा हात वर.

आणि तुला सांगतो, कुणी डोकं काढलं नाही. माझ्या ज्वारीवरनं तू भांडलास, पण मचाणावरचं एक तुला कधी कळलं नव्हतं. गोफण थांबली की पाखरं लगीच बसत न्हाईत. चांगली वाजवली असली तर थोडा वेळ वरच फिरत राहतेत, त्यांच्या कानात ती वाजतच असती. तेवढा वेळ मिळतो, पाणी प्यायला, दुसरा खडा उचलायला. तेवढाच वेळ नसीमला मिळाला. घंटा वाजली. एकदा नाही, तिनं दोरी धरून वाजवतच ठेवली, थांबेचना.

मी हात वर करून भट्टीतनं बाहेर आलो. मातीनं भरलेलो, एका कोपरावर बारीक लाल ठिपका. सोलापूरचा कप्तान टाकीवरनं उतरून माझ्याकडं आला. "आजोबा, तुम्हाला कधी लागली? आम्हाला कुणाला कळलंच नाही."

"तुला कशाला कळाय पायजे? माझा कोपर हाय."

तो कमरेतनं वाकला. मग त्यांच्या सगळ्या टीमनं टाळ्या वाजवल्या. आपल्या पोरांनी मला उचलायला धरलं, मी शिव्या दिल्या, तरी उचललं. कौसल्या बघायला आली होती, ती शेजारणीला सांगत होती, "दाढी करताना कापतो बरं का हात, एरवी न्हाय." पुढच्या रविवारी खेळायला नावं घ्यायची म्हणून पोरं नसीमभोवती जमली, त्यात गेल्या वर्षी हसलेलीच जास्त. मैदान राहिलं, गफूर. मी वरनं सगळं बघत होतो, पोरांच्या खांद्यावर बसून, आणि सगळीकडं बघून झाल्यावर मला कळलं की मी तुझं तोंड शोधतोय. कसं पडलंय ते बघायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खांदा उचलत नव्हता. कौसल्येनं तेल लावलं आणि मी स्टँडजवळच्या हॉटेलात गेलो. कुर्डुवाडीच्या गाडीची माणसं बसली होती. एक जण म्हणला, "तात्या, जितलं बगा तुमच्या आखूड नळीनं. गफूरमामूचं ऐकलं असतं तर भट्टीतच अडकून बसला असता."

सगळे हसले. माझा चहा आला होता. मी तो बाजूला सारला. "नळीनं?" मी म्हणलो. "काय कळतंय तुला? डब्यानं जितलं. डबा न्हाय सरला म्हणून जितलं. खडे सरले असते तर नळी काय चाटायची होती?" तो म्हणला, पण तात्या, तुमीच तर इतकं दिवस नळी नळी... मी म्हणलो, मधी बोलू नगंस. आणि बोलत राहिलो. त्याची गाडी लागली, सुटली, तो उठला नाही, मी उठू दिला नाही. चहा गार झाला. तुझी बाजू मांडायला तिथं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मी मांडली. मला पटलीय असं समजू नकोस. दुसरा चहा सांगितला आणि मोटरीपासनं परत सुरू केलं.